रिंकू सिंग 'फसला' कसा?

बेसबॉलपटू रिंकू सिंग मेजर लीगपर्यंत, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेपर्यंत, पोहोचला नाही म्हणून त्याची बेसबॉल कारकीर्द 'फसली', हे त्याच्यावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. उत्तर प्रदेशातल्या ज्या भालाफेकपटूनं 2008 पूर्वी बेसबॉल हातातही धरला नव्हता, तो 2012 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या मायनर लीगमधल्या (खालच्या श्रेणीतल्या) संघाकडून 39 सामने खेळला, तेही बहुतेक वेळा रिलीफ पिचर, म्हणजे सामना सुरू असताना आधीच्या पिचरच्या (चेंडू फेकणाऱ्याच्या) जागी येणारा खेळाडू म्हणून. दुसऱ्याने सुरू केलेला सामना पुढे सांभाळायला चेंडू याच्या हाती दिला जायचा! हा विश्वास फुकट मिळत नाही.

मी जिल्हा पातळीवर भालाफेक केली आहे. कोपर दुखावलं की बादली उचलतानाही जीव जातो. रिंकूवर तर कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया (कोपरातला फाटलेला अस्थिबंध बदलण्याची) झाली. लेखात तिचा उल्लेखही नाही, आणि निकाल मात्र देऊन मोकळे.