परतीचा रूट टाका की राव!

शाहूपुरीत ऑफिस, शिरोली एमआयडीसीत कारखाना, मधे दोन राउटर. शाहूपुरीकडं पत्त्यांचं नेटवर्क १९२.१६८.१०.०/२४, शिरोलीकडं १९२.१६८.२०.०/२४, दोन राउटरमधल्या जोडणीला १०.०.०.०/३० (शाहूपुरीचं टोक १०.०.०.१, शिरोलीचं १०.०.०.२). शाहूपुरीच्या राउटरवर १९२.१६८.२०.० चा स्टॅटिक रूट, म्हणजे हातानं लिहिलेली वाट टाकतात, नेक्स्ट हॉप (पुढचा राउटर) १०.०.०.२, आणि काम झालं म्हणून उठतात! अरे, पॅकेट गेलं, पण उत्तर परत कुठनं येणार? शिरोलीच्या राउटरला १९२.१६८.१०.० चं नेटवर्क माहीतच नाही. तिथं डिफॉल्ट रूट (माहीत नसलेलं सगळं जिकडं ढकलायचं ती वाट) असला की उत्तर इंटरनेटच्या लाइनीकडं जातं आणि तिथंच मरतं. मग शिव्या खातो लाइनवाला.

सगळ्यात जास्त चीड येते ती चाचणीची. शाहूपुरीच्या राउटरवरनं नुसता पिंग (समोरचा उत्तर देतो का ते बघायचं पॅकेट) मारला की तो १०.०.०.१ या सोर्सनं, म्हणजे पाठवणाऱ्याच्या पत्त्यानं जातो. ते नेटवर्क शिरोलीला थेट जोडलेलं, म्हणजे उत्तर येणारच! सोर्स म्हणून राउटरचा ऑफिसकडचा पत्ता १९२.१६८.१०.१ देऊन मारा, लगेच कळेल. उपाय काय? शिरोलीच्या राउटरवर १९२.१६८.१०.०/२४, नेक्स्ट हॉप १०.०.०.१. एवढी एकच ओळ लागते, तीच दर वेळी राहते.

राउटरनी एकमेकांना रूट आपोआप सांगावेत म्हणून ओएसपीएफ लावलं तरी सुटका नाही. एका टोकाला एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) १५००, दुसऱ्याला १४००, की शेजारचा राउटर एक्सस्टार्टवर, म्हणजे ओळख पुरी व्हायच्या आधीच्या पायरीवर अडकलाच. आणि लोक दोन्ही राउटर बंद-चालू करत बसतात! त्यानं एमटीयू बदलतो का? दोन्ही इंटरफेसवरचा आकडा बघा, सारखा करा, मगच कारखान्याला फोन लावा.