झूम वाढवल्याने छर्रा लांब जात नाही

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडच्या केळी शेतकऱ्यांच्या गटांत सध्या एका दुर्बिणीची जाहिरात सल्ल्याचा आव आणून फिरते आहे. मजकूर थोडक्यात असा: फिक्स (एकाच ठरावीक पटीची) दुर्बीण आता जुनाट झाली, 6 ते 24 पट झूमची आणि 50 मिमी भिंगाची घ्या, साध्या एअरगनवर बसवा, 200 मीटरवरचं रानडुक्कर रात्रीसुद्धा आडवं होतं, ती रायफलचा धक्का सोसते, एअरगनचा तर सहज सोसेल, दुर्बीण कंपनीतूनच सेट होऊन येते, आणि एअरगनला परवाना लागत नाही, त्यामुळे भीती नाही. हेच आमच्या मामांनी "मागवून टाकू का?" असं विचारत पुढे पाठवलं. मामा, मागवू नका. का, ते सविस्तर लिहितो, म्हणजे गटातल्या बाकीच्यांनाही दाखवता येईल.

सगळ्यात घातक मुद्दा आधी घेऊ. परवाना लागत नाही हे अर्धं खरं आहे. शस्त्र नियम 2016 प्रमाणे .177 म्हणजे 4.5 मिमीपर्यंतची आणि 20 जूलपर्यंत ऊर्जेची एअरगन परवान्याशिवाय ठेवता येते. पण बंदूक घरात ठेवायची मुभा म्हणजे तिने जनावर मारायची मुभा, हे कुठून काढलं? वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 चं कलम 2(16) काढून वाचा. मारणं, जखमी करणं, पकडणं आणि तसा प्रयत्न करणं, हे सगळं 'शिकार' या व्याख्येत येतं. म्हणजे छर्रा चुकला तरी गुन्हा झाला. कलम 9 प्रमाणे शिकारीला बंदी आहे आणि रानडुक्कर या कायद्याच्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराबाबत कलम 11 मध्ये वाट आहे, पण ती मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी, कारणं नमूद केलेल्या परवानगीतून जाते. दुर्बिणीच्या खोक्यातून ती परवानगी येत नाही.

कायदा घटकाभर बाजूला ठेवू. 200 मीटरवर होतं काय, ते पाहा. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा आणि नळीच्या तोंडाशी 20 जूल, म्हणजे वेग सेकंदाला साधारण 280 मीटर. बाजारातल्या कितीतरी स्प्रिंगच्या बंदुका याच्याही खाली असतात. कमरेशी बारीक असलेला हलका छर्रा हवेत झपाट्याने दम सोडतो. 45-50 मीटरवर त्याची ऊर्जा निम्मी झालेली असते. 200 मीटरवर एक-दोन जूल उरतात आणि तिथवर तो कित्येक मीटर खाली आलेला असतो. दुर्बिणीतल्या मिल-डॉट जाळीत (नेमाच्या काडीवर समान अंतराने ठिपके; एक मिल म्हणजे 100 मीटरवर 10 सेंटिमीटर) मध्याच्या खाली पाचेक मिल असतात, म्हणजे 200 मीटरवर जेमतेम एक मीटर. नेम धरायचा तर डुकराच्या वर, जाळीच्याही बाहेर, आभाळात धरावा लागेल. तुलनेसाठी सांगतो, .303 रायफलची गोळी तोंडाशी सुमारे 3,000 जूलची असते.

मग डुकराला बसतं काय? जवळून मारलेला छर्रा फार तर कातडीत घुसतो. मोठ्या नराच्या खांद्यावर जाड, कूर्चेसारखं कवच असतं, तिथे तेवढंही होत नाही. जनावर मरत नाही, चिडतं, जखम घेऊन बागेतच दबून बसतं आणि सकाळी पाणी द्यायला किंवा घड कापायला आलेल्या मजुराच्या अंगावर जातं. शिवाय केळीत झाडा-झाडात पाच फुटांचं अंतर असतं. रात्री बॅटरी मारली तरी पंधरा-वीस मीटरपुढे पानंच दिसतात. रावेरच्या बागेत 200 मीटर मोकळे कुठून आणायचे, हे मेसेज लिहिणाऱ्याने एकदा जागलीला येऊन दाखवावं. नुकसान झालं तर लगेच वन कार्यालयात अर्ज द्या आणि पंचनामा करून घ्या. वेळखाऊ काम आहे, मान्य. पण बंदूक जप्त होऊन आपल्यावरच केस होण्यापेक्षा बरं.

आता 'फिक्स म्हणजे जुनाट'. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश स्नायपरच्या ली-एनफिल्ड रायफलवर जी नंबर 32 दुर्बीण होती, ती साडेतीन पटींची फिक्स होती. आणि 2024 मध्ये पॅरिसला आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफलमध्ये कांस्य घेतलं, त्या प्रकारात दुर्बीण लावायला मुळात बंदीच आहे. झूमने लक्ष्य मोठं दिसतं. तुमच्या हाताचा थरथराटही तेवढाच मोठा दिसतो. 24 पटींवर नेमाची काडी इतकी नाचते की माणूस ती लक्ष्याच्या मध्यावरून जाताना घाईने घोडा ओढतो, आणि नेम तिथेच जातो.

एअरगनने अंगणात किंवा खळ्यात 10 ते 25 मीटरवर कागदाला नेम मारायचा असेल, आणि तिचं काम तेवढंच आहे, तर 4×32 फिक्स (4 पट, 32 मिमी भिंग) पुरते. तिच्यात 100 मीटरवर साधारण नऊ-दहा मीटर रुंदीचा भाग दिसतो, त्यामुळे लक्ष्य शोधत बसावं लागत नाही. आत हलणारी भिंगं कमी, म्हणून ती हलकी आणि खिळखिळी व्हायला जागा कमी. आणखी एक गोष्ट जाहिरातवाले सांगत नाहीत. स्वस्त झूम दुर्बिणीत मिल-डॉटमधलं अंतर एकाच ठरावीक झूमवर बरोबर असतं. झूम फिरवला की त्याच ठिपक्याचा अर्थ बदलतो. फिक्समध्ये दुसऱ्या ठिपक्यावर 35 मीटरचा नेम बसला असेल, तर तो कायम तिथेच.

झूमवाल्यांचं एक मात्र खरं. 25 मीटरवर कागदावरचं भोक 4 पटींतून नीट दिसत नाही, 9 पटींतून दिसतं. जागेवरून न उठता भोकं मोजायची हौस असेल तर 3-9×40 घ्या. 24 ची गरज तरीही नाही.

"रायफलचा धक्का सोसते, एअरगनचा तर सहज सोसेल" हे तर पार उलटं आहे. स्प्रिंगच्या बंदुकीत घोडा ओढला की पिस्टन पुढे सुटतो आणि बंदूक मागे येते. पिस्टन टोकाशी अडला की बंदूक झटक्यात पुढे जाते. रायफलच्या दुर्बिणीची भिंगं आणि जाळी मागच्या धक्क्यासाठी आवळलेली असतात. हा पुढचा झटका त्यांना सैल करतो. आधी नेम इकडे-तिकडे भटकतो, मग काडी वाकडी होते किंवा तुटते. शिवाय रायफलची बहुतेक दुर्बीण सुमारे 100 यार्डांवर जुळवलेली असते. 10 मीटरवर चित्र धूसर दिसतं, आणि डोळा जरा हलला की काडी लक्ष्यावरून सरकते. घेताना खोक्यावर एअरगनसाठी असल्याचं लिहिलेलं पाहा, आणि पुढच्या कड्याने 10 मीटरपर्यंत जुळवता येते का ते विचारा.

रात्रीचं थोडक्यात. दुर्बीण उजेड तयार करत नाही. भिंगाच्या मिमीला पटींनी भागा: 32 भागिले 4 म्हणजे 8 मिमीचा प्रकाशझोत डोळ्यापर्यंत येतो. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली फार तर 7 मिमी उघडते, साठीला त्याहून कमी. 50 मिमीची दुर्बीण 24 पटींवर 2 मिमीच देते. म्हणजे रात्रीसाठी विकलेली दुर्बीण रात्रीच सगळ्यात काळोखी. वर 50 मिमी भिंगाला उंच माउंट (दुर्बीण बंदुकीवर धरणारी पकड) लागतं आणि गाल दस्त्यावरून सुटतो.

राहिलं 'कंपनीतून सेट'. तुमच्या नळीवर ती कशी बसणार हे कंपनीला कळायला मार्ग नाही. एअरगनच्या वरच्या खाचा साधारण 11 मिमीच्या असतात, तेवढ्या मापाचं एकसंध माउंट आणि खाली अडवणारी पिन घ्या. पिन बंदुकीच्या भोकात बसवा, नाहीतर दुर्बीण दर छऱ्यागणिक मागे सरकते. डोळ्यापासून आठ-नऊ सेंटिमीटरवर पूर्ण गोल दिसेल अशी ठेवा, काडी उभी सरळ करा आणि स्क्रू आलटून-पालटून थोडे थोडे आवळा. मागे मातीच्या गोण्यांचा बांध हवाच. आधी 10 मीटरवर पाच छरे मारा आणि त्यांच्या मधोमध पाहून दुर्बिणीवरची नेम जुळवायची बटणं फिरवा. बटणाचा पाव मिनिटाचा (इथे मिनिट म्हणजे कोनाच्या अंशाचा साठावा भाग) एक क्लिक 100 मीटरवर साधारण 7 मिमी हलवतो, 10 मीटरवर जेमतेम 0.7. छरे 5 सेंटिमीटर खाली लागत असतील तर सत्तर क्लिक लागतात. लोक दहा क्लिक फिरवून "बटण खराब आहे" म्हणत दुर्बीण परत पाठवतात. 10 वर जमलं की 25 मीटरवर पक्कं करा. त्यानंतर 10 मीटरवर छर्रा थोडा खाली लागला तर हात लावू नका, दुर्बीण नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर असते म्हणून तसं होतं.