‘मी श्रेष्ठ आहे’ म्हणून सावरता येत नाही

भजन स्पर्धेचा निकाल लागला की आमच्या गोव्यातल्या फोंडा महालातल्या पथकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर हटकून फिरतो. दहावीच्या निकालालाही तोच. हरलात तर मनाला लावून घेऊ नका. आरशासमोर ‘मी श्रेष्ठ आहे’ असं दहा वेळा म्हणा. जे मिळालं नाही ते तुमच्या लायकीचंच नव्हतं. आत्मसन्मान उंच ठेवा, यश आपसूक येईल. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण मी मुलांना भजन शिकवतो, आणि या सल्ल्याने मुलं अडकलेली पाहिली आहेत.

मनाला लावून घेऊ नका? सगळं अपयश सारखं लागत नाही. मानसशास्त्रज्ञ जेनिफर क्रॉकर आणि कॉनी वुल्फ यांनी 2001 मध्ये मांडलं की प्रत्येकाची स्वतःची किंमत वेगवेगळ्या खुंट्यांवर टांगलेली असते: कोणाची अभ्यासावर, कोणाची रूपावर, कोणाची लोकांच्या पसंतीवर. सहाव्या वर्षापासून देवळात गाणारी, अख्खा गाव जिला ‘गाणारी’ म्हणूनच ओळखतो, ती मुलगी धावण्याच्या शर्यतीत हरली तर हसत घरी येईल. गाण्यात हरली तर तिला लागणारच. ते नाकारून काय साधणार?

आरशाचा उपाय तर ज्याला सर्वात जास्त गरज त्यालाच बाधतो. 2009 मध्ये जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी लोकांना ‘मी प्रेमास पात्र आहे’ अशा अर्थाचं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांचा आत्मसन्मान आधीच कमी होता, त्यांना उलट अधिक वाईट वाटलं. तोंड एक म्हणतं, आतलं मन दुसरंच उत्तर देतं.

‘लायकीचंच नव्हतं’ हे वाक्य मला सर्वात घातक वाटतं. आमच्या पथकातला एक मुलगा गवळणीत लय सोडून धावला आणि बक्षीस गेलं. परीक्षक पक्षपाती होते, असं सगळे त्याला सांगत राहिले. त्याने स्वतःचं रेकॉर्डिंग महिनाभर ऐकलं नाही. पुढच्या स्पर्धेच्या आठवडाभर आधीच ‘घसा बसलाय’ म्हणू लागला. हरण्याआधीच कारण तयार ठेवण्याची ही सवय बर्गलास आणि जोन्स यांनी 1978 मध्येच दाखवली होती. मान शाबूत राहतो, गाणं मात्र तिथंच राहतं.

यश आपसूक येण्याबद्दल एवढंच: बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये तोवरचं संशोधन तपासलं, तर अभ्यासातल्या बाबतीत आत्मसन्मान हा यशाचं कारण कमी आणि परिणाम जास्त दिसला.

मग करायचं काय? क्लॉड स्टील यांनी 1988 मध्ये मांडलेला विचार मला पटतो: एका खुंटीला धक्का बसला की आपल्याला मोलाच्या वाटणाऱ्या दुसऱ्या गोष्टी आठवाव्यात. म्हणजे मन घट्ट होतं आणि चूक बघवते. त्या मुलाशी मी आधी गाण्याबद्दल बोललोच नाही. आजारी आजीला तोच भरवतो. चवथीला गणपतीच्या डोक्यावर रानफळांची माटोळी बांधायची तर वाड्यावरचे त्यालाच हाक मारतात. यावर्षी रानात काय काय मिळालं ते त्याने मला खुशीने सांगितलं. मग मी रेकॉर्डिंग लावलं.

‘बुवा, थांबवा. इथे मी धावलो,’ तो स्वतःच म्हणाला. पखवाजवाल्याला बोलावून आम्ही तेवढीच ओळ अर्धा तास घेतली.