हेआन दरबारात बढती हवीय?

तर तुम्हाला हजार वर्षांपूर्वीच्या जपानमधल्या, क्योतोच्या सम्राटाच्या दरबारात नाव काढायचंय. छान! मग आधी बाप नीट निवडा. अभ्यासाच्या नादी तर लागूच नका. राजविद्यालयाची सगळ्यात अवघड परीक्षा अव्वल येऊन पास झालात, तरी चिकटणार आठव्या श्रेणीत. पहिल्या श्रेणीवाल्याचा औरस मुलगा मात्र एकविसाव्या वर्षी थेट पाचव्या श्रेणीत, तेही कायद्यानं. आणि पाचवीच्या खालच्याला तिथं खानदानी म्हणत नाहीत.

पटत नसेल तर मिचिझाने बघा. विद्वान, कवी, दरबारावर पकड असलेल्या फुजिवारा घराण्याचा नसूनही ८९९ मध्ये उजवा मंत्री, म्हणजे अगदी वरच्या पदांपैकी एक. ९०१ मध्ये दूर क्युशू बेटावर, दाझाइफूला रवानगी. कागदोपत्री ती बदलीच होती! दोन वर्षांत तिथंच वारला.

त्यापेक्षा फुजिवारा घराण्यातला मिचिनागा व्हा. दोन थोरले भाऊ एकाच वर्षी, ९९५ मध्ये गेले. स्पर्धेत उरला पुतण्या कोरेचिका. पुढच्याच वर्षी एका प्रेमप्रकरणात गैरसमज होऊन त्याच्या भावाच्या माणसांनी निवृत्त सम्राटावर बाण सोडला, तो बाहीतून आरपार! कोरेचिकाची बदली? दाझाइफू.

आता मुली. भरपूर हव्यात. मिचिनागानं थोरली सम्राटाला दिली, तिच्या मुलाला गादीवर बसवलं आणि त्यालाच तिची धाकटी बहीण दिली. नवरीबाई नवऱ्याची मावशी, वर आठ-नऊ वर्षांनी मोठी. असो, घरचंच कार्य.

१०१८ मध्ये ही धाकटी सम्राज्ञी झाली, त्या समारंभात मिचिनागानं कविता म्हटली: हे जग माझंच, पौर्णिमेच्या चंद्रासारखं, कुठं उणं नाही. मग सानेसुके नावाच्या दरबाऱ्याला म्हणाला, उत्तरादाखल तुम्हीही एक होऊ द्या. इथं नीट लक्ष द्या, खरी नोकरी इथं शिकायची. सानेसुके म्हणाला, इतक्या सुंदर कवितेला मी काय उत्तर देणार, आपण सगळे मिळून हीच म्हणू या. म्हटली सगळ्यांनी, एका सुरात. मग सानेसुकेनं ती रोजनिशीत उतरवून ठेवली. स्वतः मिचिनागाच्या रोजनिशीत ती नाही.

यातलं काहीच जमणार नसेल, तर मरा. ९३० मध्ये राजवाड्यावर वीज पडली, दरबारी मेले, ठपका मिचिझानेच्या भुतावर आला. भुताची समजूत काढता काढता ९९३ मध्ये त्याला महामंत्री करून टाकलं. नव्वद वर्षं थांबावं लागलं, पण वशिला लागला नाही.