कर नंतर, आधी कायदा करा

अवकाशातल्या कमाईवर संयुक्त राष्ट्रांनी कर लावावा, असं एका लेखाचे लेखक म्हणतात. वसूल कोण करणार? १९७९च्या चंद्र कराराचं काय झालं ते बघा. चंद्रावरची साधनसंपत्ती साऱ्या मानवजातीची, असं त्यात होतं. भारताने सही केली, मंजुरी आजतागायत नाही. अमेरिकेने तर २०१५ मध्ये कायदाच केला, खणून काढाल ते तुमचं! २०१७ मध्ये लक्झेंबर्गनेही तोच कित्ता गिरवला.

आपल्याकडे २०२३ मध्ये अवकाश धोरण आलं, खासगी प्रक्षेपणाला जीएसटी माफ झाला. कायद्याचा मात्र पत्ता नाही. अवकाशातल्या वस्तूंमुळे होणाऱ्या नुकसानीबद्दलच्या १९७२च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार आपल्या खासगी कंपनीच्या रॉकेटचा तुकडा परदेशात कुणाच्या घरावर पडला तर भरपाई भारत सरकारच्या गळ्यात, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून. कंपनीने किती रकमेचा विमा काढायचा, हे आधी कायद्यात लिहा.

आणि पैसे घ्यायचेच तर नफ्यावर नको, कक्षेतली जागा अडवण्याचे घ्या. वर्षागणिक भाडं, मुदतीत उपग्रह खाली आणला की अनामत परत. साधं पे अँड पार्क (पुण्यात तेही धड होत नाही, तो भाग वेगळा).

नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. उपग्रहांच्या रेडिओ गोंगाटाचा तिथल्या निरीक्षणांना त्रास होतो, तो कुठल्या कंपनीच्या ताळेबंदात दिसतो? पाहुण्यांना तिथे मोबाइल बंद करायला सांगतात. डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाला कोण सांगणार?