काखेत हात घालून माणूस उचलायला सांगणारा मेसेज

"घरी पेशंट लिफ्ट घेणं म्हणजे निव्वळ लूट" अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. पेशंट लिफ्ट म्हणजे उठता न येणाऱ्या माणसाला उचलून पलंगावरून खुर्चीत ठेवणारं चाकांचं यंत्र. सहा मुद्दे, आणि शेवटी 'जनहितार्थ पुढे पाठवा'. फिरत फिरत तो गुहागरजवळ राहणाऱ्या माझ्या काकूकडे पोचला. काकांच्या अंगावरून वारं गेलंय, डावी बाजू लुळी आहे. लिफ्टचं जवळजवळ ठरलं होतं आणि काकूचा फोन आला, "राहू दे रे, ह्यात लिहिलंय गरज नसते म्हणून." म्हणून हे लिहितोय.

पहिला मुद्दा असा: "शेजारचे दोन धडधाकट गडी बोलवा, दोन्ही काखांत हात घाला, एका झटक्यात माणूस खुर्चीत." सगळ्यात घातक हाच. पक्षाघातात खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडतात आणि दंडाचं हाड खोबणीत नीट टिकत नाही. काकांचा सदरा काढला की डाव्या खांद्याच्या टोकाखाली बोट बसेल एवढी खाच दिसते. अशा खांद्यावर सगळ्या अंगाचा भार टाकून झटका दिला तर सांधा आणखी निसटतो, दुखणं कायमचं मागे लागतं, रुग्ण हाताला हात लावू देत नाही आणि व्यायाम बंद पडतो. शिवाय ओढताना माकडहाड आणि टाचा गादीवर घासतात. बेडसोरची सुरुवात तिथेच होते.

उचलणाऱ्याचं काय? अमेरिकेतल्या 'नायॉश' या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेचे थॉमस वॉटर्स यांनी 2007 साली 'अमेरिकन जर्नल ऑफ नर्सिंग'मध्ये हिशेब मांडला होता. रुग्णाला हलवताना एका माणसाने उचलायच्या वजनाची मर्यादा 35 पौंड, म्हणजे साधारण 16 किलो. तीसुद्धा रुग्ण साथ देणारा असेल आणि अवघडून, वाकून उचलावं लागत नसेल तेव्हाची. काका 64 किलोंचे. दोघांनी उचलले तरी माणशी 32 किलो, मर्यादेच्या दुप्पट. आणि हे दोन गडी आणायचे कुठून? वाडीतली तरणी पोरं मुंबईला, जी आहेत ती पावसाळ्यात लावणीला आणि उन्हाळ्यात आंब्याच्या मागे. पहाटे काकांना संडासला जायचं असतं तेव्हा घरात एकटी काकू असते, साठी उलटलेली.

दुसरा मुद्दा, "महागड्या स्लिंगऐवजी चादरीची झोळी बांधा." अजिबात नको. स्लिंग म्हणजे लिफ्टला अडकवायची पट्ट्यांची कापडी बैठक, माणूस लटकतो तो तिच्यावर. ती त्या लिफ्टला चालणारी आणि त्या माणसाच्या मापाची हवी. सैल झाली तर माणूस मधून खाली घसरतो. दर वेळी शिवण आणि पट्टे तपासायचे, उसवलेली दिसली की टाकून द्यायची. आपल्याकडे पावसाळ्यात जाड कापड दोन-दोन दिवस वाळत नाही, तेव्हा स्लिंग दोन घ्या.

"उभं करणारी लिफ्ट घ्या, ती सगळ्यांना चालते" हे चूक. निदान एका पायावर भार घेता येणाऱ्या, सांगितलेलं कळणाऱ्या रुग्णासाठीच ती असते. "इलेक्ट्रिकच घ्या" म्हणणाऱ्याने 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतरचे विजेविना गेलेले दिवस आठवावेत. हातपंपाची हायड्रॉलिक लिफ्ट तेव्हाही चालते. बॅटरीची घ्यायची तर वीज नसताना माणूस हाताने खाली उतरवायची सोय आहे ना, ते दुकानातच करून दाखवायला सांगा.

"कोकणातल्या घरात लिफ्ट चालतच नाही" यात मात्र थोडं तथ्य आहे, मान्य करावं लागेल. छोटी चाकं उंबरठ्याला अडतात, सारवलेल्या जमिनीत रुततात. खालून बंद असलेल्या दिवाणाखाली लिफ्टचे पाय जातच नाहीत. साधारण 12 सेंटिमीटर मोकळी जागा लागते. पण लिफ्ट माणसाला घरभर फिरवण्यासाठी नसतेच. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर, एवढंच तिचं काम. फरशीची एक खोली आणि पायांचा पलंग असला की झालं. पुढे चाकाची खुर्ची आहे. घेण्याआधी मुंबई-पुण्याहून महिनाभर भाड्याने आणून बघा, काय अडतं ते कळेल.

शेवटचा मुद्दा प्रवासाचा: "घडीची लिफ्ट घ्या, रेल्वेने कुठेही जा." घडीची लिफ्ट गाडीच्या डिकीत मावते, पण बहुतेक लिफ्टचं वजन वीस-पंचवीस किलो किंवा जास्तच असतं. प्लॅटफॉर्मवरून डब्यात माणूस चढवायला तिचा काहीच उपयोग नाही. तिथे चाकाची खुर्ची, माणूस उचलायला-सरकवायला धरायच्या कड्या असलेली मजबूत चादर (ट्रान्सफर शीट) आणि माहितगार माणसंच लागतात. लिफ्ट मुक्कामाच्या खोलीसाठी न्यायची, आणि तिथला पलंग खालून मोकळा आहे का ते आधी फोन करून विचारायचं. उतरत्या अंगणात माणूस बसवलेली लिफ्ट ढकलू नका, कलंडते.

ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवला त्यांनी त्याच ग्रुपवर निदान पहिला मुद्दा चुकीचा आहे एवढं तरी आज लिहावं. बाकीच्यांचं नंतर बघू.