फडके कोणाच्या हाती?

बापूने आपली काळी गाडी डिटेलरकडून, म्हणजे गाड्यांची बारकाईने सफाई आणि पॉलिश करणाऱ्याकडून, परत आणली, त्या संध्याकाळी कट्ट्यावर दुसरा विषय निघालाच नाही. मशीनने पॉलिश, त्यावर सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवायचा टिकाऊ संरक्षक थर) आणि आतली सफाई असे दोन दिवसांचे काम झाले होते, आणि बॉनेटमध्ये समोरच्या खांबावरचा दिवा कडेसकट स्वच्छ दिसत होता. नानांनी गाडीभोवती एक फेरी मारली, हात न लावता वाकून पाहिले आणि विचारले, "यातले कोणते काम तुला स्वतः करता आले नसते?" बापूने उत्तर दिले, "सगळेच." आपली गाडी आजवर दुसऱ्या कोणाला धुऊ न दिलेल्या नानांना ते एकशब्दी उत्तर झोंबले आणि वादाला तोंड फुटले.

बापूचे म्हणणे असे की, या कामाला चांगला प्रकाश, योग्य मशीन आणि सरावलेला हात लागतो; ज्याने शेकडो गाड्या हाताळल्या आहेत त्याला जे पहिल्या नजरेत कळते, ते आपल्याला गाडी बिघडवल्यावर कळते. नानांचे म्हणणे असे की, डिटेलर गाडी वर्षातून एकदा पाहतो आणि मालक ती रोज पाहतो. पक्ष्याची विष्ठा उन्हात तापलेल्या रंगावर तासन्‌तास राहिली, तर वरच्या थरात तिचा कायमचा डाग कोरला जातो. तिथे डिटेलरची तारीख मिळेपर्यंत थांबून चालत नाही. ओले फडके काही मिनिटे त्यावर ठेवायचे, विष्ठा भिजू द्यायची आणि न घासता अलगद उचलून घ्यायची, एवढेच काम असते. पण ते त्याच दिवशी व्हावे लागते, आणि त्या दिवशी गाडीजवळ मालकच असतो.

दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, आणि म्हणूनच वाद पुढे सरकत नव्हता. तो पुढे सरकवला मास्तरांनी. ते म्हणाले, "तुम्ही दोन निराळी कामे एका पिशवीत घालून भांडत आहात. एका कामात गाडीवरचा मळ निघतो आणि दुसऱ्या कामात गाडीचा रंग निघतो. पहिले चुकले तर पुन्हा करता येते, दुसरे चुकले तर येत नाही."

पॉलिश करताना रंग निघतो, हे ऐकून पिंट्या चमकला. त्याने नुकतीच जुनी गाडी विकत घेतली आहे आणि तिच्यावर स्वतःच मशीन फिरवायचा त्याचा बेत चालला होता. मास्तरांनी त्याला बापूच्याच गाडीवर हिशेब समजावून सांगितला. आजकालच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर आधी प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळे मिळून कारखान्यातून निघताना साधारण १०० ते १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते आणि त्यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस सरासरी ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे आपण ज्याला गाडीची चमक म्हणतो ती सगळी केसाहूनही पातळ थरात असते. ओरखडा घालवणे म्हणजे त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणणे. हलक्या पॉलिशमध्ये एखादा मायक्रॉन जातो आणि जाड कंपाउंडने, म्हणजे खरखरीत पॉलिशने, त्याहून बरेच जास्त जाते. गेलेला थर परत येत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारे घटकही याच थरात असतात, त्यामुळे तो फार पातळ झाला की काही वर्षांनी छत आणि बॉनेट पांढुरके पडून सोलू लागतात, आणि मग पॉलिशवाला नव्हे, रंगारी शोधावा लागतो.

नाना यावर खूश झाले. त्यांच्या मते आता निकाल त्यांच्याच बाजूने लागला होता: रंगाला हातच लावू नये, गाडी नीट धुवावी आणि वर मेण चढवावे. बापूने मात्र हाच मुद्दा उलटा फिरवला. एवढ्या पातळ थराशी खेळायचे असेल, तर तो मोजण्याचे यंत्र ज्याच्याजवळ आहे त्यानेच खेळावे, हा त्याचा युक्तिवाद होता आणि तो मला पटला. रंगाची जाडी मोजणारे लहानसे उपकरण चांगला डिटेलर काम सुरू करण्याआधी प्रत्येक भागावर ठिकठिकाणी टेकवतो. एखाद्या दारावर आकडा एकदम दुप्पट आला, तर ते दार पुन्हा रंगवलेले असण्याची शक्यता असते. आकडा शंकास्पद कमी आला, तर तिथे आधीच कोणीतरी पॉलिश करून थर उतरवलेला असतो. पिंट्याच्या गाडीसारख्या, पूर्वेतिहास माहीत नसलेल्या गाडीत हे मोजमाप टाळणे म्हणजे जुगार आहे.

मशीनबद्दलचा वाद बराच रंगला, आणि त्याची खोली पाहता तो रंगायलाच हवा होता. पिंट्याने घरी वापरता येणाऱ्या ड्युअल ॲक्शन पॉलिशरचा मुद्दा काढला. त्यात पॅड, म्हणजे मशीनच्या टोकाची मऊ गादी, स्वतःभोवती फिरता फिरता केंद्राबाहेरही झुलत राहतो आणि हाताचा दाब फार वाढला तर त्याचे फिरणे मंदावते. त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही आणि नवख्याच्या हातून रंग जळण्याची भीती बरीच कमी होते. रोटरी मशीनमध्ये पॅड सरळ एकाच अक्षाभोवती फिरतो, झपाट्याने थर कापतो आणि एका जागी रेंगाळला तर काही क्षणांत रंग जाळतो. बापूला हा फरक मान्य होता, पण त्याने तीन जागा दाखवल्या जिथे सौम्य मशीनही घात करते. बॉनेटच्या आणि दारांच्या कडांवर, तसेच पत्र्याला दिलेल्या उठावदार रेघांवर रंग बहुधा पातळ बसलेला असतो आणि पॅडचा सगळा दाबही तिथेच एकवटतो, म्हणून जाणकार माणूस आधी तिथे चिकटपट्टी लावतो. दुसरी जागा बंपरची: तो प्लास्टिकचा असल्यामुळे उष्णता पसरून जात नाही, आणि नेहमीची जाडी मोजणारी उपकरणे धातूवरच चालत असल्यामुळे तिथे आकडाही मिळत नाही. तिसरी म्हणजे मॅट रंगाची गाडी. तिला पॉलिश केले की तिचे मॅटपण कायमचे जाते.

नानांनी इथे एक व्यवहारी गोष्ट सांगितली. ओरखड्यावरून आडवे नख फिरवावे. नख अडकले, तर तो ओरखडा पॉलिशने पुरता काढण्याच्या नादी लागू नये, कारण तेवढ्या खोलवर जाण्याची किंमत संपूर्ण थर मोजतो. आणि पॉलिश करायचेच असेल, तर आधी हातभर जागेत सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिश वापरून पाहावे. तेवढ्याने भागत असेल तर पुढची पायरी चढू नये. गंमत अशी की, बापूच्या डिटेलरनेही नेमके हेच केले होते. बापूने ते त्या क्षणी कबूल केले नाही, हा भाग वेगळा.

मग मास्तरांनी खरा प्रश्न विचारला: हे ओरखडे मुळात येतात कुठून? त्यांनी मोबाइलचा दिवा लावून शेजारी उभ्या असलेल्या पिंट्याच्या गाडीच्या दारावर धरला. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेषांची वर्तुळे उमटली. पिंट्या म्हणाला, "कोणीतरी गोल गोल घासले आहे." मास्तरांनी दिवा वीतभर बाजूला नेला, तर वर्तुळेही त्याच्यासोबत सरकली. ओरखडे प्रत्यक्षात सगळ्या दिशांना गेलेले असतात. पण त्यांपैकी जे प्रकाशाच्या वाटेला आडवे पडतात तेवढेच प्रकाश आपल्या डोळ्यांकडे फेकतात आणि म्हणून दिव्याभोवती गोल जाळे दिसते. त्यातले बहुसंख्य ओरखडे अपघाताचे नसतात, दगडाचेही नसतात. ते धुण्यापुसण्याचे असतात.

बापू इथे पेचात सापडला, कारण रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडीवरची धूळ झटकण्याची त्याची सवय सगळ्यांना ठाऊक आहे. कोरड्या धुळीवर फडके फिरवणे म्हणजे वाळूचे कण क्लिअर कोटवर दाबून ओढणे. डिटेलरने दोन दिवस खपून जे जाळे काढले, ते पुन्हा विणायला अशा थोड्याच सकाळी पुरतात. सिरॅमिक कोटिंग आहे ना, असे बापू म्हणाला, तेव्हा नाना आणि मास्तर एकदमच बोलू लागले. कोटिंगमुळे पाणी आणि चिखल कमी चिकटतो, धुणे सोपे होते, रंग उन्हाला जास्त काळ तोंड देतो आणि हे सगळे मेणासारखे काही आठवड्यांत न संपता वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकते. यात वाद नाही. परंतु जाहिरातीतला ‘नऊ एच’ हा आकडा पेन्सिलीच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवरचा आहे, आणि धुळीतल्या वाळूला त्याचे काहीही वाटत नाही. उडालेला दगड अडवायचा असेल तर कोटिंग उपयोगाचे नाही. त्यासाठी पीपीएफ, म्हणजे पॉलियुरेथेनची साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पारदर्शक फिल्म लावावी लागते.

धुण्याच्या बाबतीत मात्र नानांना कोणी आव्हान दिले नाही. गाडी सावलीत लावायची, पत्रा थंड होऊ द्यायचा आणि हात लावण्याआधी नुसत्या पाण्याने सुटी माती वाहून जाऊ द्यायची. बादल्या दोन ठेवायच्या, एकीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे. मायक्रोफायबरचा हातमोजा एका भागावरून फिरवला की आधी साध्या पाण्यात खळबळायचा आणि मगच शाम्पूत बुडवायचा. नाना साध्या पाण्याच्या बादलीचा तळ प्रत्येकाला दाखवतात: धुणे संपल्यावर तिथे बसलेला मातीचा थर एरवी मोज्यावरून पुन्हा गाडीवर गेला असता. वरून खाली यायचे, दारांचा खालचा भाग शेवटी घ्यायचा आणि चाकांसाठी मोजा वेगळाच ठेवायचा, कारण तिथल्या काळ्या भुकटीत ब्रेकमधून झिजलेले लोखंडाचे कण असतात. भांडी घासायचा साबण चालतो का, या पिंट्याच्या प्रश्नावर नानांनी फक्त मान हलवली. तो मळासोबत मेणही उतरवतो. शेवटी पाणी वाळू न देता टिपून घ्यायचे, कारण क्षारयुक्त पाणी उन्हात वाळले की त्याचे पांढरे ठिपके मागे राहतात.

आतल्या सफाईवर फार वेळ गेला नाही. व्हॅक्यूम, मऊ ब्रश आणि ओलसर फडके यांनी जे होते ते प्रत्येकाला जमते. सीट आणि गालिचे पाण्याने भिजवून काढणे मात्र टाळावे, कारण सीटखाली एअरबॅगच्या आणि इतर तारांची जोडणी असते आणि गालिच्याखाली मुरलेले पाणी कुबट वास सोडते. चकचकीत करणारा फवारा स्टिअरिंगवर आणि पेडलवर कधीही मारू नये. तिथली चमक म्हणजे निसरडेपणा. ओकारीचा किंवा सांडलेल्या दुधाचा मुरलेला वास असेल, तर मान डिटेलरपुढेच तुकवावी, असे नानाही म्हणाले.

आता बापूच्या बाजूचा दुबळा दुवा. डिटेलरची पाटी लावलेला प्रत्येक जण डिटेलर नसतो. आमच्यातल्या एकाची गाडी एका ठिकाणाहून लखलखीत होऊन आली आणि चार वेळा धुतल्यावर जुने ओरखडे होते तिथेच परत दिसू लागले. ते गेलेलेच नव्हते. तेलकट भर घालणाऱ्या पॉलिशने ते तात्पुरते बुजवले होते. दुसऱ्या एका गाडीवर उन्हात पाहिले की लांबच लांब धुरकट पट्टे दिसत, ते रोटरी मशीन हलगर्जीपणे फिरवल्याचे. म्हणून मास्तरांनी बापूला विचारले की, तुझ्या माणसाने आधीचे आणि नंतरचे मोजमाप दाखवले का, कोटिंगपूर्वी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलकट थर काढला का, आणि खाली पडलेले फडके तो झटकून पुन्हा वापरतो की बाजूला टाकतो? पहिल्या दोन्ही प्रश्नांना बापूने होकार दिला. तिसरे त्याने पाहिले नव्हते, आणि माझ्या मते तेच पाहायला हवे होते, कारण महागडी मशीन कोणीही विकत आणतो, पण फडक्याबाबतचा चोखंदळपणा सवयीतूनच येतो.

पिंट्याचा बेत या चर्चेत बदलला. आधी तो गाडी मोजून घेणार आहे. आकडे पुरेसे आले, तर बॉनेट आणि छत यांच्यावर एकच सौम्य हात डिटेलरकडून फिरवून घेणार आहे, आणि दारांवरचे खोल ओरखडे आहेत तसेच ठेवणार आहे. धुणे, पृष्ठभागावर चिकटलेले कण क्ले बारने (मातीसारख्या मऊ वडीने) उचलणे आणि मेण लावणे तो स्वतः करणार आहे. क्ले बार जमिनीवर पडला तर कितीही जीवावर आले तरी फेकून द्यायचा, हे नानांनी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतले. कोटिंगवर मात्र एकमत झाले नाही. नानांच्या मते जो माणूस दर आठवड्याला गाडी धुतो त्याला मेण पुरते आणि कोटिंग ही न धुणाऱ्यांची पळवाट आहे. बापूच्या मते आठवड्याला गाडी धुणारे नाना हाच अपवाद आहे आणि नियम अपवादावर ठरत नसतात. मला यात बापूचे म्हणणे अधिक खरे वाटते, फक्त त्याने ते कोरडे फडके गाडीतून काढून टाकावे.